सशानं गाडी उलटवली?

'अंधाधुन' २०१८ चा. बावड्यात साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या गाडीवर आमचं त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. आकाशला शेवटी दिसतं का नाही? (पाहिला नसेल तर इथंच थांबा, पुढं सगळंच फोडलंय.)

आम्ही दोघं आयटीवाले डब्यावर अडलेलो. काठीनं डबा नेमका उडवला, म्हणजे दिसतं. विषय संपला. पण आमच्यातला ऊसवाला म्हणतो, "डबा सोड लगा. एक ससा काचेवर आदळला आन् गाडी उलटून बाई मेली? माझ्या उसात डुकरं घुसत्यात, एकानं अजून ट्रॅक्टर पाडला न्हाई."

पोट धरून हसलो, आणि मग फोनवर पहिला सीन लावला. कोबीचं शेत, एका डोळ्यानं अधू ससा, मागं बंदूकवाला. अंधार, गाडीचा आवाज. आणि लगेच आकाश कुणाला तरी म्हणतो, गोष्ट मोठी आहे, कॉफी घेणार? म्हणजे ससा त्याच्या गोष्टीतला. शेवटी काठीच्या मुठीवरही ससाच. लॉग फाईल आरोपीनंच लिहिलेली आहे आणि श्रीराम राघवननं ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलंय.

तरीही हा सिनेमा 'दिसतं का नाही'च्या कोड्यावर उभा नाही. तो उभा आहे पुण्यातल्या त्या फ्लॅटमधल्या पियानोवर. आंधळ्याचं सोंग घेतलेला वादक आणि खोलीत प्रेत, ही कल्पना ऑलिव्हिए त्रेनेरच्या फ्रेंच लघुपटातली. राघवन तिच्यात कॉमेडी घालतो. आकाश वाजवतोय, मागं तबू आणि तिचा यार खाणाखुणा करत रक्त पुसतायत, नवऱ्याला सुटकेसमध्ये कोंबतायत. संवाद नाही. आपण हसतो, कारण त्याच्यासारखंच आपल्यालाही सगळं दिसतंय आणि काहीच करता येत नाही.

मग एका रविवारी आई सोबत बघायला बसली. तिला डब्याचं, सशाचं काही पडलं नव्हतं. तिनं विचारलं, "त्या शेजारच्या म्हातारीला ढकललं, ते ह्यानं बघितलं की. मग गप का बसला?"

मिसेस डिसा. इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकानंही हे नाव काढलं नव्हतं. सिनेमाही तिच्यापाशी फार थांबत नाही, पुढच्या गमतीकडं पळतो. आधी वाटलं, ही राघवनची चूक. आता तसं वाटत नाही, निदान पूर्ण तशी वाटत नाही. कारण गोष्ट आकाश सांगतोय. स्वतःला स्वच्छ दाखवायला त्यानं ससा रचला, असं धरलं तर डिसाबाई गाळणं त्याहून सोपं होतं. ते त्यानं गाळलं नाही. एका म्हातारीचा खून डोळ्यांनी बघितला आणि सोंग चालू ठेवलं, हे तो सोफीला कॉफीवर सांगून टाकतो. खोटं सशाचं असेल, कबुली खरी आहे.

आणि सोफी, अख्ख्या सिनेमातली एकमेव सरळ पोरगी, त्यावर काय म्हणते? तू डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस, तिचे डोळे घ्यायला हवे होतेस. म्हातारीबद्दल एक शब्द नाही. आमच्यासारखीच.

हे गाडीवर सांगितलं. ऊसवाल्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या वेळंला काकूंनाच घेऊन ये."