क्षमा कोण करणार? : पंडिता रमाबाईंची पत्रे आणि ख्रिस्ताचे देवत्व

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत बोलणे निघाले की शारदा सदन, पुण्यातील वाद, केडगावचे मुक्ती मिशन आणि दुष्काळातून वाचवलेल्या मुली इथपर्यंत ते येते आणि तिथेच थांबते. त्या ख्रिस्ती झाल्या हे सर्वांना ठाऊक असते. परंतु बाप्तिस्मा घेतल्यानंतर दोन वर्षांच्या आत, येशू ख्रिस्त हा देव आहे की नाही या प्रश्नावर त्या आपल्याच धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी पत्रांतून कडाडून भांडल्या, हे फारसे कोणी सांगत नाही. ही पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवली, प्रा. अ. भि. शहा यांनी ती संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हे शहा म्हणजे हमीद दलवाईंचे सहकारी. आपल्यापैकी अनेकांचे त्यांच्याशी मतभेद असतील, पण या एका संपादनासाठी तरी त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

हा ग्रंथ मुस्लिम वाचकाच्या हाती पडला तर त्याचे पहिल्यांदा काय होईल, हे सांगणे कठीण नाही. त्याला आनंद होईल. एक ब्राह्मण विदुषी, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, ती ख्रिस्ती होते आणि तरीही म्हणते की पूजा एकाच ईश्वराची, त्रैक्याचे तत्त्व मला बायबलमध्ये सापडत नाही, येशूने स्वतःच पिता आपल्याहून थोर आहे असे सांगितले आहे. आपल्या मुनाजऱ्याच्या पुस्तकांतील सगळी कलमे इथे आयती मिळतात! शिवाय ती एका मौलवीच्या नव्हे, तर ख्रिस्ती बाईच्या लेखणीतून मिळतात. पण अशा रीतीने वाचणे म्हणजे पुस्तकातली चार पाने फाडून खिशात घालण्यासारखे आहे. याच रमाबाईंनी पुढे ख्रिस्ताचे देवत्व मनापासून स्वीकारले आणि १९०७ साली ‘अ टेस्टिमनी’ या आत्मनिवेदनात तसे जाहीरही केले. १८८५ च्या रमाबाई आपल्या आणि १९०७ च्या रमाबाई त्यांच्या, अशी वाटणी करता येत नाही.

दुसऱ्या बाजूने, अलीकडच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी या पत्रांकडे लक्ष वेधले ही मोठी गोष्ट. पण त्यांचा भर रमाबाईंच्या बंडखोरीवर आहे : वसाहतवादी चर्चला, पुरुषी सत्तेला दिलेल्या उत्तरावर. ते खोटे नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सुचवले गेले तेव्हा रमाबाईंनी विचारले की आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असे काय अधिक आहे. भारतीय पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने झुगारले ते दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असेही त्यांनी बजावले. हा बाणा वाचताना आजही अंगावर काटा येतो. तरीही प्रश्न राहतोच. त्या कशावरून भांडत होत्या? वाद पगाराचा किंवा शाळेचा असता तर ही चर्चा पुरी पडली असती. वाद ख्रिस्त कोण आहे याचा होता, आणि तोच बाजूला ठेवला की पत्रांचा गाभाच हातातून निसटतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. सोबत लहानगी मनोरमा होती. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन, ज्यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, या दोघींशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. बीलबाईंना कळत होते की अशा बुद्धीच्या स्त्रीला प्रश्न विचारू दिले पाहिजेत. जेराल्डीन मात्र घाबरून गेल्या. त्यांच्या उत्तरांत चर्चचा अधिकार, परंपरा, नम्रता आणि आज्ञापालन यांचाच उल्लेख पुनःपुन्हा येतो. वाचताना आपल्याकडच्या एखाद्या मदरशातील उस्तादांची आठवण व्हावी, जे शागिर्दाच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्याच्या अदबीची चौकशी करतात. जेराल्डीनबाईंचे प्रेम खरे आहे, पण युक्तिवाद दुबळा आहे, असेच म्हणावे लागेल.

इथे मुस्लिम वाचकाला एक गंमत दिसते. त्या काळात रमाबाईंना येशूच्या चमत्कारिक जन्माबद्दलही शंका होती. आपल्याला ती नाही. सूरह मरियम वाचणारा प्रत्येक मुसलमान हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांचा पित्याविना झालेला जन्म मानतो, त्यांना मसीह मानतो, त्यांच्या हातून आंधळे डोळस झाले, कोड गेले, मेलेले उठले, हेही अल्लाहच्या हुकुमाने झाले असे मानतो. म्हणजे चमत्कारांच्या हिशेबात पाहिले तर आपण १८८५ च्या रमाबाईंपेक्षा चर्चच्या अधिक जवळ आहोत. तरीही चर्चच्या दृष्टीने आपण बाहेर आणि त्या निदान उंबरठ्यावर. याचा अर्थ असा की देवत्वाचा प्रश्न चमत्कारांचा नाही. येशूला किती मान द्यायचा, पैगंबराहून एक पायरी वर चढवायचे का, असा तो हुद्द्याचा प्रश्नही नाही. आपण मात्र वर्षानुवर्षे तो तसाच समजत आलो : ख्रिस्ती लोकांनी प्रेमाच्या भरात आपल्या पैगंबराला फार वर नेले, बस्स.

मग तो कशाचा प्रश्न आहे? मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. एका पक्षाघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडतात. येशू त्याला बरे करण्याआधी सांगतो की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री मनात म्हणतात, ही तर देवाची निंदा झाली. पापांची क्षमा देवावाचून कोण करू शकतो? आता सूरह आलि-इमरान उघडावी. तिथेही हाच प्रश्न येतो : अल्लाहशिवाय गुनाह माफ करणारा कोण आहे? दोन ग्रंथांत एकच प्रश्न. कुरआनमध्ये हजरत ईसांचे मोजिजे सांगितले आहेत, पण त्यांनी कोणाचे पाप माफ केल्याचे कुठेही म्हटलेले नाही. उलट सूरह माइदाच्या शेवटी ते स्वतः आपल्या उम्मतीचा निवाडा अल्लाहवर सोपवतात. माफ करणे किंवा सजा देणे तुझ्या हाती, असे म्हणतात. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा मात्र त्या खाटेजवळ उभी आहे. ज्याने ‘क्षमा झाली’ म्हटले त्याला तसे म्हणण्याचा अधिकार असेल तर तो देव आहे. नसेल तर शास्त्र्यांचे म्हणणे बरोबर आहे. मधली जागा तिथे नाही.

इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे बिशपांची परिषद भरली तेव्हा वाद हाच होता. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र सर्व सृष्टीहून श्रेष्ठ आहे, पण तोही निर्माण केलेलाच आहे. आपल्या कानाला हे बरेच समजूतदार वाटते. अथानेसियसने पुढे आयुष्यभर, अनेकदा हद्दपारी सोसून, त्याचा प्रतिवाद केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की जो स्वतःच निर्माण झालेला आहे तो इतरांना निर्मात्याशी जोडू शकत नाही. बुडणाऱ्याला काठावर उभा असलेलाच ओढून काढतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने तेच हिशेबाच्या भाषेत मांडले : पापाचे कर्ज माणसाचे आहे, म्हणून ते माणसानेच फेडले पाहिजे, पण ते इतके मोठे आहे की देवच फेडू शकतो, म्हणून फेडणारा दोन्ही असला पाहिजे. ही मांडणी कोणाला सावकारी वाटेल. मलाही काहीशी तशी वाटते. परंतु तिच्यावरून एक गोष्ट लख्ख कळते. ख्रिस्त केवळ माणूस असेल तर क्रूस म्हणजे एका निरपराध माणसाची हत्या उरते. शोक करावा, पण तारण कसले? देवत्व काढून घेतले की ख्रिस्ती धर्मातून एक सिद्धान्त कमी होतो असे नाही; क्षमेचा आधारच निघून जातो.

आपल्याकडे तसे होत नाही, कारण आपली क्षमा त्या खांबावर उभी नाही. कोणी कोणाचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनने वारंवार सांगितले आहे. बंदा तौबा करतो, अल्लाह माफ करतो; मध्ये कर्ज नाही, फेडणारा नाही. क्रुसावरील मृत्यूही कुरआनने नाकारला आहे, आणि क्रूसच नाही म्हटल्यावर त्यावर कोण होता हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून आपल्याला देवत्वाची गरज भासत नाही आणि त्यांचे त्याच्याशिवाय चालत नाही. हे लक्षात न घेता ‘तीन एक कसे’ म्हणून गणित घालत बसणे ही आपल्या मुनाजऱ्यांची जुनी खोड आहे. १८५४ साली आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पादरी फांडर यांचा प्रसिद्ध मुनाजरा झाला. विषयांच्या यादीत त्रैक्य होते. दोन दिवस चाललेला तो वाद नस्ख आणि तहरीफ यांच्यापुढे सरकलाच नाही.

भाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. उर्दू इंजीलमध्ये येशूला ‘खुदावंद’ म्हटले जाते. जुन्या उर्दूत हा शब्द मालकाला, बादशहालाही लावत. वर्गात जुने गद्य शिकवताना मुले तिथे हटकून अडतात. मराठीतला ‘प्रभू’ तसाच दुतोंडी. मूळ ग्रीक ‘क्युरिओस’ तर साध्या ‘महाराज’पासून परमेश्वरापर्यंत सगळीकडे चालतो. त्यामुळे ‘प्रभू येशू’ म्हणणारा नेमके काय म्हणतो ते शब्दावरून कळत नाही. त्यात हिंदू वाचकाला अवतार ऐकू येतो आणि आपल्याला शिर्क.

आता पुन्हा रमाबाईंकडे. १९०७ च्या आत्मनिवेदनाची सुरुवात ख्रिस्तापासून होत नाही, ती उपाशी कुटुंबापासून होते. अनंतशास्त्री डोंगरे तीर्थामागून तीर्थ हिंडतात, पुण्य मिळावे म्हणून होते ते दान करतात, व्रते होतात, पारायणे होतात, आणि दुष्काळात आईवडील आणि बहीण मरतात. मग लंडनमधील फुलहॅमचा प्रसंग येतो. तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या. हे कशासाठी, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाई सांगतात की तेव्हाच त्यांना ख्रिस्त हा खरोखर दैवी तारणारा असल्याची खूण पटली, कारण पददलित स्त्रीला उचलण्याचे सामर्थ्य दुसऱ्या कोणात नव्हते.

चोखंदळ वाचक इथे थबकेल. फुलहॅम १८८३ चे. हे तेव्हाच पटले असेल तर १८८५ ची पत्रे कशी? रमाबाई खोटे बोलत नाहीत. पण चोवीस वर्षांनी मागे वळून पाहताना त्यांनी नंतर सापडलेला अर्थ आधीच्या प्रसंगात वाचला आहे, असे माझे मत आहे. त्याच निवेदनात त्या पुढे कबूलही करतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. साधारण १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लमचे एक आत्मकथन वाचताना, हा फरक त्यांना जाणवला. त्याआधी नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या बुद्धीचे समाधान झाले होते. गोरे हेही संस्कृतचे गाढे पंडित, आणि देवत्वाच्या पुराव्यांवर त्यांनी लिहिलेही. परंतु रमाबाईंना हलवले ते पुराव्यांनी नव्हे. पत्रांतील रमाबाई विचारतात, धर्मग्रंथ काय म्हणतो आणि मला आज्ञा करणारे तुम्ही कोण. निवेदनातील रमाबाई विचारतात, मी पापी आहे, मला कोण उचलणार. पहिल्या प्रश्नाला देवत्व अडचणीचे होते. दुसऱ्या प्रश्नाचे ते उत्तर ठरले.

साहित्यकृती म्हणून पाहिले तर मला पत्रेच सरस वाटतात. त्यांत नर्मविनोद आहे, राग आहे, परक्या भाषेत पाय रोवून उभे राहण्याची जिद्द आहे. निवेदनाचा उत्तरार्ध ख्रिस्ती साक्षीच्या ठराविक साच्यात जातो आणि रमाबाईंचा आवाज तिथे इतरांसारखा होतो. मात्र ख्रिस्ताचे देवत्व ख्रिस्ती माणसाला का हवे, हे त्या साच्यातल्या पानांवरूनच कळते. आणि त्यातून रमाबाईंना न विचारलेला एक प्रश्नही सुचतो, जो मुसलमान म्हणून मला टाळता येत नाही. व्रते करून, दान देऊन थकलेल्या त्या बाईला कोणी सांगितले असते की अल्लाह कर्ज न फेडताही माफ करतो, तर ते तिला पुरले असते का? ती बहुधा म्हणाली असती की माफी वरून पाठवणारा देव मला नको, उपाशी माणसांत स्वतः उतरणारा हवा. त्यावर आपण म्हणू की तो शहारगेहूनही जवळ आहे, त्याला उतरण्याची गरज काय. हे बोलणे आग्र्यात झाले नाही, वाँटेजमध्येही झाले नाही.