साक्षीदाराचे मन, शोधकाचे मन: ‘अ टेस्ट ऑफ विल्स’

रहस्यकथेतील इंग्रजी खेडे हे परस्परांना ओळखणाऱ्या माणसांचे बंदिस्त जग असते. खून म्हणजे त्या जगाच्या व्यवस्थेला आलेली बाधा. गुन्हेगार सापडला की व्यवस्था पूर्ववत होते, असा या रूपबंधाचा संकेत. चार्ल्स टॉड या नावाने लिहिणाऱ्या अमेरिकन माय-लेकांच्या ‘अ टेस्ट ऑफ विल्स’ (१९९६) या पहिल्या कादंबरीत हा संकेत १९१९च्या वॉरिकशरमधील एका खेड्यात येतो, आणि तेथे पूर्ववत करण्याजोगे फारसे काही उरलेले नसते.

कर्नल हॅरिस यांचा खून झाला आहे. संशय कॅप्टन विल्टनवर, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या वीरावर. त्याच्याविरुद्ध साक्ष आहे ती हिकम या दारूत बुडालेल्या, शेल-शॉकने खचलेल्या माजी सैनिकाची. तपास करणारा स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर रटलेज स्वतः त्याच व्याधीने ग्रस्त आहे आणि ती लपवतो आहे. १९१६च्या सोमच्या लढाईत हुकूम नाकारणाऱ्या हेमिश या स्कॉटिश सैनिकाला त्याच्याच अधिपत्याखाली गोळ्या घातल्या गेल्या. हेमिशचा आवाज आता त्याच्या मनात अखंड बोलतो. हिकमची साक्ष वेड्याची म्हणून फेटाळायची, तर रटलेजच्या निष्कर्षांना प्रामाण्य कोठून आणायचे? शोधकाचे मन ही या वाङ्मयप्रकारात सत्याची हमी असते; येथे तीच हमी संशयास्पद ठरते. कादंबरीचे खरे रहस्य हे आहे. खुनी कोण, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम.

दोन युद्धांमधील रहस्यकथा युद्धाच्या जखमांविषयी मूक होती, असे सरसकट म्हटले जाते. ते बरोबर नाही. ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीत (१९२०) जखमी हेस्टिंग्ज आणि बेल्जियन निर्वासित पॉयरो आहेतच. आणि सेयर्सच्या ‘हूज बॉडी?’मधील (१९२३) लॉर्ड पीटर विम्झीला तर शेल-शॉकचा झटकाच येतो. मात्र तो येतो कोडे उलगडल्यावर, आणि त्याला सांभाळायला बंटर हजर असतो. व्याधी तर्काला स्पर्श करीत नाही. रटलेजला बंटर नाही, हा फरक केवळ वर्गाचा नव्हे.

ऐतिहासिक कादंबरीला पश्चातज्ञानाचा मोह असतोच. पहिल्या महायुद्धात देहदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश शासनाने २००६मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्या निवाड्याकडे झुकणारी सहानुभूती दहा वर्षे आधीच्या या कादंबरीतही आहे. तरीही रटलेजला शिस्तीची निकड नाकारता येत नाही, आणि म्हणून त्याचा अपराधभाव आजच्या वाचकाच्या सोयीचा होत नाही.

पुढे मालिका वीसहून अधिक कादंबऱ्यांपर्यंत वाढली. जी व्याधी बरी झाली तर मालिकाच संपेल, ती बरी कशी होणार? हेमिश हळूहळू सावध करणारा, टोमणे मारणारा सहायक होतो. वॉटसनची रिकामी खुर्ची त्याला मिळते. हिकमसारखा साक्षीदार समोर बसला, की ती खुर्ची पुन्हा अडचणीची वाटू लागते.