‘चाकाची खुर्ची’ आणि आत्मचरित्रातील ‘मी’

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन या शतकाच्या आरंभी मेहता पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केले. ते पुष्कळ वाचले गेले. परंतु त्याची वाङ्मयीन चिकित्सा फारशी आमच्या पाहण्यात नाही. बक्षीससमारंभात ते वाटले जाते, प्रार्थनेनंतरच्या बोधपर भाषणात त्याचा दाखला निघतो, आणि ‘अपंगत्वावर मात’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. आमच्या मते या दोन शब्दांनीच पुस्तकावर अन्याय केला आहे.

कथाभाग सर्वपरिचित आहे. लेखिकेचा जन्म १९५० चा, सोलापूरचा. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचे अंग लुळे पडले. पुढे बंगळूरचे बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतःच चाकाच्या खुर्चीत वावरणारे उद्योजक होते. त्यांनी दिलेल्या धीरावर शिक्षण पुरे झाले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी लागली, आणि १९८४ साली कोल्हापुरात सहकाऱ्यांसमवेत ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था निघाली. एवढा सांगाडा घेतला तर कथा चढत्या पायऱ्यांची वाटते: आधी दुःख, मग विद्या, मग अर्थार्जन, आणि अखेरीस परोपकार, जणू स्वतः सावरून झाल्यावर उरलेल्या बळातून केलेले दान! प्रत्यक्षात साहाय्य या कथेत शेवटी येत नाही, ते आरंभीच येते. दिवाणांची भेट हा एका अपंगाने दुसऱ्या अपंगास दिलेला हात होता, आणि त्या हातावाचून पुढचे शिक्षणही घडले नसते. शिक्षणाने परोपकार शिकविला असे आम्ही शिक्षक अभिमानाने म्हणतो. येथे परोपकाराने शिक्षण शक्य केले.

उत्तरार्धाविषयी रसिकांची एक तक्रार संभवते. संस्थेचा व्याप वाढू लागला की कथन अहवालाकडे झुकते, आणि कित्येक व्यक्ती नावानिशी येऊन रेखाटल्या जाण्यापूर्वीच निघून जातात. तक्रार खोटी नाही. परंतु संस्थापकांच्या आत्मचरित्राची परंपरा मराठीत जुनी आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’तही (१९१५) संस्थेचा हिशेब आणि आयुष्याचा हिशेब वेगळे काढता येत नाहीत. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. हिंगण्याहून पुण्यास पायी ये-जा करणाऱ्या अण्णांना स्वतःच्या पायांचा उल्लेख मुद्दाम करावा लागत नव्हता. येथे घराबाहेरच्या प्रत्येक फेरीस उचलणारे हात लागतात. मग ते हात कोणाचे, हे सांगणे भागच पडते. नावांची गर्दी हा शैलीचा दोष खराच. पण ती टाळली असती तर रजनी करकरे-देशपांडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांवाचून एकट्या ‘मी’ची वीरगाथा उरली असती, आणि ती असत्य ठरली असती.

आम्हा सीमाभागातील शिक्षकांना हे पुस्तक परके नाही. निपाणी ओलांडली की कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर आहे. संस्थेचे ‘घरौंदा’ वसतिगृह आणि समर्थ विद्यामंदिर उचगावी उभे राहिले (हे करवीर तालुक्यातील उचगाव, आमच्या बेळगावजवळचे नव्हे). तेथे जे इमारत बांधतानाच ध्यानात घेतले गेले, त्याचा विचार आमच्या शाळांच्या चौथऱ्यांनी कधी केला? टिळकवाडीपासून खेड्यापर्यंत कोणतीही जुनी शाळा पाहावी. वर्गात शिरण्यापूर्वी चार-पाच दगडी पायऱ्या आहेतच. १९९५ च्या कायद्याने, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्याने, अडथळे दूर करण्याचे कर्तव्य सांगितले. तरीही पायरीशी थांबलेल्या मुलास चिकाटीचा धडा देणे आम्हांला अधिक सोपे वाटते, कारण त्यास गवंडी लागत नाही. शौचालयाचा प्रश्न तर सभेत उच्चारणेही आम्हांस अवघड जाते. मुलगी शाळा सोडते ती बहुधा त्याच कारणाने, आणि हजेरीपटावर मात्र ‘गैरहजर’ एवढीच नोंद होते. लेखिकेने पुस्तकाला एखाद्या सद्गुणाचे नाव दिले नाही, एका वस्तूचे दिले. ती वस्तू सपाट जमिनीवरच चालते.

वर्गवाचनासाठी उतारा निवडताना आजारपणाच्या आरंभीची पाने घेण्याचा मोह होतो. ती सर्वांत परिणामकारक आहेत यात शंका नाही. ऐकताना मुलांचे डोळेही पाणावतात. आम्ही मात्र संस्थेच्या उभारणीची, नावांनी गजबजलेली, काहीशी रूक्ष पानेच निवडू.