संख्यारेषेवरील पोकळ बिंदू : शालेय गणितातील असमानता, मराठी भाषा आणि वसई-विरारमधील काही उदाहरणे

क्ष + ३ = ८ या समीकरणाला एकच उत्तर असते. क्ष + ३ > ८ या असमानतेला मात्र उत्तरांचा एक संपूर्ण समूह असतो आणि तो समूह कोठे सुरू होतो, हे ठरविल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. पहिल्या प्रकारात विद्यार्थी 'किती?' या प्रश्नाला सामोरा जातो, तर दुसऱ्या प्रकारात 'कोण आत, कोण बाहेर?' या प्रश्नाला. व्यवहारात दुसरा प्रश्न अधिक वेळा पडतो. तरीही महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेच्या बीजगणितात समीकरणाला जे स्थान आहे, ते असमानतेला मिळालेले नाही. हे स्थान का मिळाले नाही आणि त्यामुळे नेमके काय हातचे निसटते, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

बालभारतीच्या २०१७ च्या इयत्ता नववीच्या आणि २०१८ च्या इयत्ता दहावीच्या गणित भाग १ या पुस्तकांत असमानतेवर स्वतंत्र प्रकरण नाही. विषय नाही असे मात्र म्हणता येणार नाही; तो विखुरलेला आहे. नववीच्या 'वास्तव संख्या' या प्रकरणात क्रमसंबंधाचे नियम दिले आहेत. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणल्यास चिन्ह उलटते, हा नियमही तेथेच येतो. 'संच' या प्रकरणात गुणधर्म पद्धतीने संच लिहिताना असमानता उपयोगी पडते. भाग २ मधील भूमितीत संख्यारेषेवरील बिंदूंचे निर्देशक, दरम्यानता आणि किरण या संकल्पना येतात, पुढे त्रिकोणाच्या बाजू व कोन यांच्या असमानतेचे गुणधर्म येतात. सांख्यिकीत वर्गमर्यादा येतात, अर्थनियोजनात आयकराचे टप्पे येतात. या सर्व ठिकाणी वस्तुतः एकच कल्पना वावरते आहे. परंतु अज्ञात क्ष, असमानतेचे चिन्ह आणि संख्यारेषेवरील चित्र ही तिन्ही एकत्र आणून विद्यार्थ्यासमोर ठेवण्याचे काम यांपैकी कोणतेही प्रकरण स्वतःकडे घेत नाही.

यातील किरणाचे उदाहरण विशेष बोलके आहे. किरणाला आरंभबिंदू असतो आणि तो किरणाचाच भाग मानला जातो. म्हणजे क्ष ≥ ५ चे चित्र भूमितीतला विद्यार्थी आधीच काढू शकतो : ५ वर भरीव बिंदू आणि उजवीकडे बाण. क्ष > ५ साठी मात्र आरंभबिंदू गाळलेला किरण हवा, ५ वर पोकळ वर्तुळ हवे. हा 'पाच नसलेला, पण पाचपासूनच सुरू होणारा' किरण शालेय भूमितीच्या व्याख्येत बसत नाही. अशा किरणाला पहिली संख्या नसते. ५.१ म्हणावे तर ५.०१ त्याच्या आधी आहे, आणि ५.०१ च्याही आधी ५.००१ आहे. पोकळ वर्तुळ ही केवळ रेखाटनाची खूण नव्हे. वास्तव संख्यांच्या सलगतेचा विद्यार्थ्याला होणारा तो बहुधा पहिला खरा परिचय होय, आणि तोच चुकतो.

मराठी भाषा या बाबतीत विद्यार्थ्याला अडसर ठरते, असा समज कधीकधी व्यक्त होतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. 'क्षपेक्षा ५ ने कमी' म्हणजे क्ष − ५, ही एक संख्या आहे; '५ पेक्षा कमी' म्हणजे क्ष < ५, हे एक विधान आहे. 'ने' या प्रत्ययाने फरकाचे माप कळते आणि 'पेक्षा' या शब्दयोगी अव्ययाने तुलनेचा आधार कळतो. इंग्रजीत हाच भेद केवळ एका क्रियापदाच्या असण्या-नसण्यावर लोंबकळत राहतो आणि तेथील विद्यार्थी वजाबाकी व असमानता यांत हमखास गोंधळतात. अडचण आहे ती क्रमाची. लिहिताना चिन्ह दोन राशींच्या मध्ये येते, तर मराठी वाक्यात 'मोठा' किंवा 'लहान' हा शब्द दोन्ही राशी उच्चारून झाल्यावर येतो. डोळा चिन्हाशी थांबतो आणि जीभ पुढे जाऊन मागे येते. सेमी-इंग्रजी वर्गांत हीच विधाने इंग्रजी क्रमाने पाठ होतात व ही अडचण वरवर नाहीशी होते. पण त्याबरोबर 'निदान', 'कमीत कमी', 'जास्तीत जास्त', 'च्या आत' असे घरातून आलेले शब्दधनही वर्गाबाहेर राहते. हा सौदा फायद्याचा आहे असे वाटत नाही.

या शब्दधनाचे गुण गाताना त्यातील संदिग्धता लपविण्याचे कारण नाही. 'पर्यंत' हा शब्द घ्यावा. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट हा शून्य मानला तर वसई रोड सुमारे ५२, नालासोपारा सुमारे ५६ आणि विरार सुमारे ६० किलोमीटरवर येते. वसई-विरारच्या विद्यार्थ्याला याहून परिचित संख्यारेषा दुसरी मिळणार नाही. 'गाडी विरारपर्यंत जाते' या वाक्यात विरार निःसंशय अंतर्भूत आहे : क्ष ≤ ६०. 'विरारच्या अलीकडे' म्हटले की विरार वगळले जाते : क्ष < ६०. वसई रोड आणि विरार यांच्या 'दरम्यान' नालासोपारा येते, आणि दरम्यानतेच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही टोके बाहेर राहतात. 'वसई ते विरार' म्हटले की दोन्ही टोके आत येतात. एकाच लोहमार्गावर भरीव आणि पोकळ बिंदूंचे सर्व प्रकार बोलीत सहज वापरले जातात. परंतु 'दहा तारखेपर्यंत' किंवा 'दहाच्या आत' म्हणताना दहा धरायचे की सोडायचे, याबद्दल दोन माणसांचे दुमत होऊ शकते. भाषा जेथे मोघम राहते तेथे चिन्हाला राहता येत नाही. < आणि ≤ यांतून एक निवडावेच लागते आणि ही निवड करायला लावणे हेच या विषयाचे शैक्षणिक मोल आहे.

या निवडीवर माणसांचे हक्क अवलंबून असतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्ये मतदाराचे वय अठरा वर्षांपेक्षा कमी नसावे अशा नकारात्मक घडणीची अट आहे. 'कमी नाही' म्हणजे मोठे किंवा समान : क्ष ≥ १८. मूळची २१ ही मर्यादा एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १८ वर आणली आणि १९८९ पासून ती अमलात आली. संख्यारेषेवर पाहता भरीव बिंदू तीन एकके डावीकडे सरकला आणि कोट्यवधी तरुण किरणाच्या आत आले. बिंदू भरीव असल्याने ज्या दिवशी अठरा पूर्ण होतात तो दिवसही आत येतो. अर्हता दिनांक केवळ १ जानेवारी होता, तोवर २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला नोंदणीसाठी वर्षभर थांबावे लागे; २०२१ च्या दुरुस्तीने वर्षातून चार अर्हता दिनांक ठरविले गेले. अनुच्छेद २४ मध्ये चौदा वर्षांखालील बालकास कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई आहे : क्ष < १४, येथे बिंदू पोकळ. अनुच्छेद २१अ मध्ये शिक्षणाच्या हक्कासाठी 'सहा ते चौदा' असा शब्दप्रयोग आहे आणि 'ते' पुन्हा मोघम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलास चौदा वर्षांनंतरही प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत हक्क दिला, म्हणजे उजवे टोक काही मुलांसाठी पुढे ढकलले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात या तरतुदी असतात, गणिताच्या पुस्तकात चिन्हे असतात. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असूनही त्यांची भेट होत नाही.

एस.टी. महामंडळाच्या सवलतीचे उदाहरणही असेच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास जाहीर झाला आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटाची सवलत राहिली. '६५ ते ७५' आणि '७५ वरील' ही दोन विधाने जशीच्या तशी संख्यारेषेवर काढली, तर ७५ हा बिंदू पहिल्या गटात भरीव आणि दुसऱ्यात पोकळ येतो. वय पूर्ण वर्षांत मोजायचे की दिवसांपर्यंत, यावर पंचाहत्तरी नुकतीच ओलांडलेल्या आजोबांचे तिकीट ठरते. वाहकाला असमानता येते की नाही हा प्रश्न नाही; जाहीर सूचना लिहिणाऱ्याला ती यायला हवी.

पाठ्यपुस्तकात आयकराचे टप्पे '२,५०,००० पर्यंत' आणि '२,५०,००१ ते ५,००,०००' असे छापले जातात. सलग संख्यारेषेवर या दोन टप्प्यांमध्ये एका रुपयाचे भगदाड पडते, २,५०,०००.५० कोठे बसवायचे? १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २८८अ नुसार एकूण उत्पन्न दहाच्या पटीत पूर्णांकित केले जात असल्याने व्यवहारात अडचण येत नव्हती. म्हणजे ते भगदाड निरुपद्रवी होते, परंतु ते का निरुपद्रवी आहे हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. सांख्यिकीत खंडित आणि अखंडित वर्ग शिकविताना हाच भेद पुन्हा येतो. अखंडित वर्गांत १०–२०, २०–३० असे वर्ग असता २० ही संख्या दुसऱ्या वर्गात धरायची असा नियम सांगितला जातो. १० ≤ क्ष < २० असे एकदा लिहिले असते, तर नियम पाठ करण्याची गरज उरली नसती.

संख्या सलग नसतात तेव्हा काय होते, यासाठी वसई-विरार शहर महानगरपालिकेकडे वळता येईल. ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आलेल्या या महानगरपालिकेच्या ११५ जागा आहेत. अनुच्छेद २४३न मध्ये (चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती) स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागांची अट आहे. क्ष ही राखीव जागांची संख्या मानल्यास ३क्ष ≥ ११५, म्हणून क्ष ≥ ३८ १/३. संख्यारेषेवर ३८ १/३ वर भरीव बिंदू काढून बाण दाखविणे बीजगणिताच्या दृष्टीने बरोबर, पण उत्तर म्हणून चूक. जागा अपूर्णांकात नसतात. चित्रात ३९, ४०, ४१ असे सुटे बिंदू हवेत आणि ते ११५ वर थांबायला हवेत. अडतीस जागा राखल्या तर 'जवळजवळ एक तृतीयांश' होतात, पण असमानता खोटी ठरते. राज्याने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. ११५ चा निम्मा ५७.५, आणि त्यापुढील पहिला पूर्णांक ५८. योगायोग असा की सभागृहातील साध्या बहुमतासाठी लागणारी किमान संख्याही तीच आहे.

राहता राहिला चिन्ह उलटण्याचा नियम. नववीच्या पुस्तकात तो येतो आणि संख्या घेऊन पडताळण्यास सांगितले जाते. पडताळा हे स्पष्टीकरण नव्हे. −क्ष > ३ या असमानतेत दोन्ही बाजूंत क्ष मिळविला व ३ वजा केले, की −३ > क्ष मिळते. कोठेही ऋण संख्येने गुणलेले नाही, तरी चिन्ह क्षच्या दृष्टीने उलटलेले आहे. चित्राने हे आणखी स्पष्ट होते. −१ ने गुणणे म्हणजे रेषा शून्याभोवती फिरविणे. उजवा तो डावा होतो. भाईंदर-नायगाव दरम्यानच्या खाडीबाबत वसईकर 'पलीकडे' म्हणतो तेव्हा त्याला भाईंदर अभिप्रेत असते, भाईंदरकराचे 'पलीकडे' म्हणजे वसई. खाडी जागची हललेली नसते.

दिशेचा हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ९ हा पाया आणि १० व १७ या भुजा असलेल्या त्रिकोणाचे उदाहरण आहे. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकल्यास पायाचे दोन खंड १५ आणि −६ येतात. ऋण उत्तर भास्कराचार्यांनी टाकून दिले नाही. तो खंड विरुद्ध दिशेस, म्हणजे लंब पायाच्या बाहेर पडतो, असा अर्थ लावला. हे बाराव्या शतकातले. थॉमस हॅरियटच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात < आणि > ही चिन्हे १६३१ मध्ये आली आणि समानतेची रेघ जोडलेली चिन्हे पिएर बुगेरने १७३४ मध्ये वापरली. 'पेक्षा मोठा' आणि 'पेक्षा मोठा किंवा समान' यांना वेगळी चिन्हे मिळण्यास शंभर वर्षे लागली, हे ध्यानात घेतले तर शाळकरी मुलाच्या वहीत ५ वरचे वर्तुळ कधी भरीव, कधी पोकळ आणि बहुतेकदा अर्धवट गिरवलेले का दिसते, याचे आश्चर्य वाटणार नाही. अशा वहीवर शिक्षकाने लाल शाईने फुली मारण्याऐवजी 'पाच आत की बाहेर?' एवढाच प्रश्न समासात लिहावा.