एका गायीची वीस वासरे : अर्ध्या वाक्याचा हिशेब

गायीच्या अंडाशयातून सुईने बीजांडे काढायची, प्रयोगशाळेत त्यांचे फलन घडवायचे आणि तयार झालेला भ्रूण दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडायचा. या तंत्राविषयी आता मराठीतही वाचायला मिळते. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ अभियानात त्याचा समावेश झाल्यापासून तर ते गावोगावी पोचले आहे. ही माहिती बहुधा एकाच वाक्याभोवती फिरते : 'एरवी गाय वर्षाला एक वासरू देते, या तंत्राने वीस देईल.' हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचा उरलेला अर्धा भाग शोधायला हवा.

तंत्रामागची कल्पना मात्र खरोखर सुंदर आहे. कालवड जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात एक लाखाहून अधिक अपरिपक्व बीजांडे असतात. पुढे २१ दिवसांच्या प्रत्येक ऋतुचक्रात दोन-तीनदा पुटिकांचा, म्हणजे बीजांडे बाळगणाऱ्या द्रवाच्या पिशव्यांचा, एक गट वाढू लागतो. त्यातली सहसा एकच पुढे जाते, बाकीच्या विरून जातात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील संशोधकांनी ही विरून जाणारी बीजांडे जिवंत गायीतून मिळवण्याची रीत बसवली. शेपटीच्या मुळाशी भूल देतात, गुदमार्गातून हात घालून अंडाशय धरतात, योनिमार्गातून अल्ट्रासाऊंडची दांडी आत नेतात आणि पडद्यावर पाहत सुईने पुटिकांतला द्रव ओढून घेतात. त्या द्रवातून बीजांडे वेचतात. सुमारे एक दिवस ती पक्व होऊ देतात, मग वीर्याशी संयोग घडवतात. पुढच्या सात दिवसांत भ्रूण रोपणायोग्य होतो.

आता हिशेब मांडू. ठोकळमानाने दहा बीजांडांतून तीन भ्रूण रोपणायोग्य निघतात आणि तीन रोपणांतून एक गाय गाभण राहते. गीरसारख्या वशिंडाच्या गायी युरोपीय गायींपेक्षा जास्त बीजांडे देतात हे खरे, पण वाटेतली ही गळती त्यांनाही चुकत नाही. म्हणजे वीस वासरांसाठी सुमारे दोनशे बीजांडे, साठ भ्रूण आणि नेमक्या दिवशी माजाच्या चक्रात बसवलेल्या साठ गायी लागतील. त्यांतल्या चाळीस उलटतील. उरलेल्या वीस जणी नऊ महिने गर्भ वाढवतील आणि त्यांची वैरण कोणाला तरी आणावी लागेल. सुई पुन्हा पुन्हा सोसणारी गायही या हिशेबात आहे. शिवाय साधे वीर्य वापरले तर वीसांत सुमारे दहा गोऱ्हे असतील. कालवडींचे प्रमाण वाढवायचे तर लिंगवर्गीकृत वीर्यकांड्या हव्यात, त्या महाग असतात. वीस वासरे 'एका गायीची' म्हणताना या सगळ्या जणी चित्रातून पुसल्या जातात.

दुसरी चूक 'प्रती' या शब्दाची. उत्तम गायीच्या हुबेहूब प्रती या तंत्राने निघतात, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. प्रत्येक बीजांडात आईची निम्मी जनुके येतात आणि दर वेळी हा निम्मा वाटा वेगळा असतो. उरलेला निम्मा वळूचा. त्यामुळे एकाच गायीच्या, एकाच वळूपासून झालेल्या दहा कालवडी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात, तितक्याच सारख्या आणि तितक्याच वेगळ्या. शिवाय गायी-गायींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्साच आनुवंशिक असतो. बाकीचा खाद्य, पाणी, आजार आणि निगराणीचा. वीस लिटरच्या गायीची लेक वीस लिटर देईलच, ही हमी प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. या संदर्भात ब्राझीलचे उदाहरण नेहमी येते. सौराष्ट्रातली गीर तिथे गेली आणि तिचे दूध वाढले. बीजांडे काढण्याचे तंत्रही तिथे मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. पण हा क्रम नीट पाहावा. तिथे दुधाळ गीर वळूंची संततिपरीक्षा १९८५ पासून चालू आहे. प्रयोगशाळेतील भ्रूणांचा प्रसार झाला तो २००० नंतर. वळू दूध देत नाही, म्हणून त्याची पारख निरनिराळ्या गोठ्यांतल्या त्याच्या लेकींच्या दुधावरून करतात. त्यासाठी वर्षानुवर्षे दूध मोजून लिहून ठेवावे लागते. आधी वही आली, मग सुई. सुई निवड करत नाही. ती निवडलेल्याचा गुणाकार करते. निवड चुकली तर चुकीचाही गुणाकार होतो. निवड बरोबर असली, तरी मोजक्याच गायी आणि मोजकेच वळू पुन्हा पुन्हा वापरले तर काही पिढ्यांत सारा कळप एकमेकांचा नातलग होतो आणि जातीतली विविधता घटते.

आपल्याकडे बहुतेक गायी छोट्या शेतकऱ्यांच्या दारात आहेत आणि त्यांच्या दुधाची वही क्वचितच असते. अशा ठिकाणी 'उत्तम गाय' कोणत्या आधारावर ठरवली, हा प्रश्न तंत्राला विरोध म्हणून विचारायचा नाही. पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या वतीने तो विचारलाच पाहिजे.

वर्गात हे सहज करता येईल. वीस वासरांचे वाक्य फळ्यावर लिहावे आणि मुलांना तीन प्रश्न द्यावेत : यात गायी एकूण किती? लेक आईसारखी कितपत होईल? आई चांगली हे कोणी, किती दिवस मोजून ठरवले? ज्यांच्या घरी जनावर आहे अशा मुलांनी महिनाभर सकाळ-संध्याकाळचे दूध मोजून वहीत लिहावे. रोजचा आकडा का बदलतो, यावरची चर्चा आनुवंशिकतेच्या धड्याला चांगली सुरुवात करून देईल.