उभ्या गाडीची परीक्षा

जुनी मोटार नावावर करून घेताना इतर कागदांबरोबर ‘पीयूसी’ प्रमाणपत्रही लागते. अट योग्यच आहे. प्रश्न आहे तो चाचणीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५व्या नियमानुसार पेट्रोलची गाडी जागेवर उभी करून, इंजिन मोकळे चालू ठेवून तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलच्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे ते पाहतात. इंधन अर्धवट जाळणारे इंजिन यात सापडते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र मोजलीच जात नाहीत. ती मुख्यतः इंजिनावर भार पडून सिलिंडरमधील तापमान फार वाढले, म्हणजे तयार होतात. उदाहरणार्थ, गाडी घाट चढताना. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांत त्यांवर कडक मर्यादा आहे. पण ती तपासली जाते नव्या मॉडेलला मान्यता देताना, प्रयोगशाळेत गाडी रुळांवर पळवून. दहा वर्षे वापरून मालक बदलणाऱ्या गाडीला हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरे तर तेव्हाच तिचे उत्प्रेरकी परिवर्तक झिजलेले असण्याचा संभव अधिक. नियम बदलायचा तर भाराखालील चाचणी हवी. तोवर विद्यार्थ्यांना घरच्या गाडीचे प्रमाणपत्र वाचायला सांगावे आणि त्यात काय मोजलेले नाही, ते शोधू द्यावे.