शब्दांची साक्ष : आधुनिक चेटूकविद्येची उपकरणे

जेरल्ड गार्डनर यांनी ‘विचक्राफ्ट टुडे’ (१९५४) या ग्रंथात इंग्लंडमधील चेटूकविद्येस प्राचीन धर्माचा अवशेष ठरविले. उपकरणांची नावे मात्र निराळी साक्ष देतात. काळ्या मुठीच्या सुरीचे ‘अथामे’ हे नाव सॉलोमनवर आरोपिलेल्या मंत्रग्रंथाच्या हस्तलिखितांतील शब्दरूपांशी जुळते. केवळ नाव उसने असते, तर वस्तू जुनी मानता आली असती. परंतु काळ्या व पांढऱ्या मुठींच्या सुऱ्याही त्याच ग्रंथात आढळतात. ‘बुक ऑफ शॅडोज’ ही विधिपोथीची संज्ञा तर, डोरीन व्हॅलिएन्टी यांच्या मते, १९४९ मधील संस्कृत छायाशास्त्रविषयक लेखावरून आली. उसनवारीने विधी खोटा ठरत नाही. अखंड परंपरेचा दावा मात्र दुबळा होतो. शब्दाचे वय आणि श्रद्धेचे मूल्य यांची गल्लत अभ्यासकाने करू नये.